आधी गज घालून बघा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भोसरीच्या एमआयडीसीत उभा जन्म टूलरूममध्ये घालवलेल्या माणसाकडे नातेवाईक काय काय घेऊन येतात, याची यादी केली तर तेच एक स्वतंत्र भाषण होईल. कुकरचं झाकण, शिलाई मशिनचं चाक, देवळातल्या घंटेचा लोळा, एकदा तर वरातीच्या बँडमधला कर्णा. भोसरीत सगळं दुरुस्त होतं, अशी आमच्या गावाकडे ठाम समजूत आहे आणि ती फारशी चुकीचीही नाही. म्हणून २०२३च्या पावसाळ्यानंतर कुडाळ तालुक्यातल्या माझ्या मावसभावाचा फोन आला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. "आबांची ठासणीची बंदूक इकत घेतंय. जरा गंजलेली आसा. तू येवन बघशीत काय?"

मी तोवर बंदूक कधी हातात धरली नव्हती. पण लोखंड, आटे, स्प्रिंग आणि गंज यांच्याशी चाळीस वर्षांची ओळख. गेलो. त्या एका बंदुकीपायी पुढे चार-पाच महिन्यांत जे बघितलं, ते आज सांगणार आहे. ज्यांच्या गावच्या घरी, आजोळी किंवा सासरी अशी एखादी बंदूक दाराआड उभी आहे, त्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं.

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू आत जाते, तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा डाट, मग छर्रे, पुन्हा डाट, आणि हे सगळं गजाने ठासायचं. मागच्या बाजूने नळी बुचाने कायमची बंद असते. बुचापाशी एक पोकळ खुंटी असते, तिला निपल म्हणतात. तिच्यावर टिकलीएवढी तांब्याची टोपी बसते. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतला मसाला पेटतो, ठिणगी निपलमधून आत उतरते आणि बार होतो. कोकणात या बंदुकीचं खरं काम म्हणजे हा आवाजच. आंब्या-काजूच्या बागेत माकडं उतरली, रात्री भातात रानडुकरं शिरली, की एक बार काढायचा. जनावर मारायची परवानगी बंदुकीच्या परवान्यातून मिळत नाही. तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि वनखातं आडवं येतं. पुष्कळांना हे दोन परवाने एकच वाटतात, म्हणून सांगून ठेवलं.

आता ही टोपी आली कुठून? भोसरीहून नाशिक फाट्याला येऊन पुण्याकडे वळलं की दापोडी लागते. १८१७ साली तिथे कॅप्टन फोर्डची पलटण होती. पेशव्यांच्या चाकरीत उभी केलेली आणि ऐन वेळी इंग्रजांना जाऊन मिळालेली. ५ नोव्हेंबरला नदीपलीकडे खडकीची लढाई झाली. त्या दिवशी मैदानात ज्या बंदुका होत्या, त्या तोड्याच्या किंवा गारेच्या. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागते, तिला जामगी म्हणत. गारेच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पाडायची. दोन्हींत बाहेरच्या कानात रंजक म्हणजे बारीक दारू उघडी असायची. पाऊस आला की संपलं. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याला शिकारीचा नाद होता. कानातला जाळ दिसताच पक्षी उडून जातात, म्हणून त्याने आघाताने पेटणारा मसाला वापरायची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तांब्याची टोपी ही त्याच युक्तीची पुढची सुधारणा. कोकणच्या पावसात ठासणीची बंदूक टिकून राहिली, तिचं मोठं श्रेय या टिकलीला जातं.

इथे एक गल्लत काढून टाकतो. ठासणीची असली म्हणजे ती रायफल नव्हे, असंही नाही. रायफल म्हणजे जिच्या नळीत आतून मळसूत्री खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचांमुळे गोळी फिरकी घेत जाते आणि लांबवर नेमकी लागते. १८५७च्या उठावाशी जिचं नाव कायमचं जोडलं गेलं, ती १८५३ची एन्फील्ड रायफल तोंडाकडूनच भरायची होती. तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी तशाच दिसणाऱ्या पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका काढल्या. खाचा साहेबाकडे, गुळगुळीत नळी आपल्याकडे. कोकणातल्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक या दुसऱ्या जातीची, गुळगुळीत नळीची. परवान्यावर तिची नोंद 'एसबीएमएल' अशी असते, म्हणजे एकनळी, तोंडाकडून भरायची.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. तोवर काडतुसाचं युग सुरू झालं होतं. फौजांनी ठासणी टाकून दिली, शेतकऱ्याने ठेवली. तिची दारू, छर्रे वेगवेगळे आणि कमी-जास्त घेता येतात, काडतुसाचा खर्च नाही, हे एक कारण. दुसरं कारण कायद्यात आहे. लॉर्ड लिटनच्या १८७८च्या कायद्याने सामान्य माणसाला परवान्याशिवाय बंदूक ठेवायला बंदी केली. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९चा. त्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या रक्षणासाठी द्यायच्या परवान्यात ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. शेतकऱ्याची बंदूक कोणती, हे असं कायद्यानेच ठरवून टाकलं आहे. कर्नाटकात कोडगूच्या कोडव लोकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे आणि केंद्राने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. आपल्याकडे तसं काही नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण गावोगावी त्या सुटीच्या कहाण्या सांगणारे भेटतात.

माझ्या भावाचं सगळं रीतसर होतं. शेती संरक्षणाचा परवाना, त्यावर बंदूक विकत घ्यायची मंजुरी. आबांचाही परवाना चालू होता. आबा ऐंशीच्या घरातले, मुलं मुंबईला, बाग मक्त्याने दिलेली. बंदूक बारा-तेरा वर्षांत वाजली नव्हती, पण परवान्याचं नूतनीकरण त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं. अशी बंदूक दोघांनी ठरवली आणि हातोहात दिली, असं चालत नाही. विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला, कोणाला विकतोय ते लेखी कळवायचं, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस जाऊ द्यायचे. कलम ५ तसं सांगतं. मालक वारला तर वारसांनी ती घरात ठेवून घ्यायची नाही. ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची आणि मग काय ते अर्ज-विनंत्या.

"पण ती तर शोभेची जुनी वस्तू आहे, तिला कसला परवाना?" हा प्रश्न मला पुण्यात निदान चार जणांनी विचारला. कायद्यात तशी सवलत आहे, कलम ४५ मध्ये. पण तिचे शब्द नीट वाचायला हवेत. जुनी किंवा मोडकी बंदूक सुटते ती केव्हा, तर दुरुस्त करून किंवा न करता, कशीही वापरता येणार नसेल तेव्हा. म्हणजे गंमत बघा. गंजलेली नळी बघून "ही मी चालू करून दाखवतो" असं तुम्हाला ज्या क्षणी वाटलं, त्या क्षणी ती शोभेची राहिली नाही. दुरुस्त होण्यासारखी प्रत्येक जुनी बंदूक परवान्याचीच. त्यामुळे जुन्या बाजारात किंवा भंगारात अशी नळी दिसली आणि हात शिवशिवले, तर हात खिशात घालावेत.

आता आबांच्या ओटीवर येतो. आबांनी बंदूक माजघरातून आणली. तिच्यावर कोळ्याचं जाळं, दस्त्याला बुरशी, नळी विटकरी झालेली, घोडा वर उचलेना. "भरलेली नाय ना?" भावाने विचारलं. आबांनी निपलवर बोट ठेवून दाखवलं. टोपी नव्हती. "रिकामी आसा. माका म्हायत नाय?"

तिथेच विषय संपला असता. पण निघण्याआधी मी फोनवर जिल्ह्यातल्या एका परवानाधारक दुरुस्तीवाल्यांशी बोललो होतो. आपण त्यांना मिस्त्री म्हणू. त्यांनी एकच गोष्ट बजावली होती: दुसरं काही करायच्या आधी गज घालून बघा. कसं, तेही सांगितलं होतं. टोपी नाही याची खात्री करायची, नळीचं तोंड माणसांपासून लांब, आपलं तोंड नळीवर आणायचं नाही, गज अलगद आत सोडायचा. तो जिथे टेकेल तिथे, नळीच्या तोंडाशी, गजावर खडूची खूण करायची. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर धरायचा, खूण तोंडाशी जुळवून. नळी रिकामी असेल तर गजाचं टोक निपलच्या जवळ पोचायला हवं.

आमच्या गजाचं टोक चांगलं चार बोटं अलीकडे थांबलं.

मला आधी वाटलं, माप चुकलं. टूलरूमची खोड. पुन्हा घातला. तेच. ओटीवर कोणी काही बोललं नाही. मग आबा हळूहळू आठवायला लागले. कुठल्याशा वर्षी भात कापणीच्या आधी रात्री डुकरं आली म्हणून त्यांनी बंदूक भरली होती. खळ्यापर्यंत गेले तोवर डुकरं पसार. टोपी काढून डबीत ठेवली आणि बंदूक दाराआड. टोपी नाही म्हणजे बंदूक रिकामी, असा त्यांचा हिशोब. त्यानंतर ती निवडणुकांना ठाण्यात जमा झाली, परत आली, नातवंडांनी गणपतीच्या सुटीत तिच्याशी शिवाजी-अफझलखान केला. बारा-तेरा वर्षं, भरलेली.

दारू जुनी झाली म्हणजे मेली, असं नसतं. सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. यातलं काही कुजत नाही. ओल लागली नसेल तर ती माणसापेक्षा जास्त जगते. तिला ठिणगी कुठल्याही वाटेने चालते. कोणी निपल काढायला गॅसची शेगडी पेटवली असती तरी पुरे होतं.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी स्वतः आले. त्यांनी आधी नळी आणि निपल दोन्हींकडून पाणी भरलं, रात्रभर तशीच ठेवली, आणि मग गिरमिटासारख्या टोकाच्या गजाने डाट ओढून काढला. काथ्या, छर्रे आणि मागून काळा चिखल. हे काम वर्णन ऐकून घरी करायचं नाही. ज्याचा परवाना आणि सराव आहे, त्यानेच करायचं. आबांनी त्या संध्याकाळी स्वतःहून किंमत कमी केली. भाव कमी होण्यासारखं त्यात काय होतं, मला कळलं नाही, पण त्यांना काहीतरी करायचं होतं.

पंचेचाळीस दिवस सरले, बंदूक भावाच्या परवान्यावर चढली, आणि डिसेंबरात आम्ही दोघं ती घेऊन मिस्त्रींच्या दुकानात गेलो. खरं तर विकत घेण्याआधीच जे बघायला हवं होतं, ते आता बघितलं. औषधाच्या गोळीएवढा एलईडी मी भोसरीहून नेला होता. तो दोऱ्याला बांधून नळीत सोडला. वरची दोन तृतीयांश नळी ठीक होती, गंज होता पण वरवरचा. बुचाच्या जवळ मात्र देवीच्या वणासारखे खड्डे.

तिथेच का, याचं कारण दारूत आहे. काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वजन घनरूपात मागे राहतं. ही राख हवेतली ओल शोषते. जुन्या टोप्यांच्या मसाल्यातूनही मिठासारखा क्षार उरतो, आणि मिठाने लोखंडाचं काय होतं, ते कोकणात कोणाला सांगायला नको. बार काढून बंदूक तशीच ठेवली, की तळाशी साचलेली राख पावसाळाभर लोखंड खात बसते. तेल लावून ती जात नाही, तेलाखाली दबून राहते. तिला उपाय एकच, कडकडीत गरम पाणी. नळी धुवायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाण्याने नळी तापते आणि आपली आपण सुकते. मग तेल. लोखंडाला पाणी लावायचं या कल्पनेने माझ्या अंगावर काटा आला होता, पण मिस्त्री म्हणाले ते खरं. जन्मभर तेलाने पुसलेल्या बंदुका त्यांनी आतून कुजलेल्या पाहिल्या होत्या. तेलही कोणतं? आमच्याकडे सगळ्याला खोबरेल. ते थंडीत थिजतं, पुढे चिकट होतं, घोड्याच्या कळीत गोंदासारखं बसतं. आबांचा घोडा त्यामुळेच अडकला होता, गंजाने नव्हे.

निपल कशीबशी निघाली, बूच निघायला आठवडा लागला. डिझेलात मुरवत ठेवायचं, थोडं हलवायचं, पुन्हा मुरवायचं. निघालं तेव्हा दिसलं की बुचाचे पुढचे आटे गेले होते. खाल्लेल्या बिस्किटासारखे. ठासणीच्या बंदुकीत स्फोटाचा सगळा दाब मागे या बुचावर येतो, आणि बुचाच्या मागे चार-सहा इंचांवर बार काढणाऱ्याचा डोळा असतो. मी आट्यांना गेज लावून बघितलं. ना मेट्रिक, ना व्हिटवर्थ. कोण्या कारागिराने स्वतःच्या डायने पाडलेले आटे, ज्याला जोड जगात दुसरा नाही. मिस्त्री म्हणाले, नवीन बूच करावं लागेल, नळीतले आटेही पुन्हा साफ करावे लागतील, आणि तरीही बार सोसेल की नाही, ते चाचणी झाल्यावर सांगेन. वेळ लागेल.

भाऊ चिडला. आंब्याला मोहोर येऊ घातला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "तुमच्या भोसरीत आख्खी गाडी बनता, आणि ह्या एक बूच बनूचा नाय?"

खरं सांगतो, त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. बुचाचं चित्र काढलं, मापं टाकली, पोलाद कोणतं घ्यायचं तेही मनात ठरलं. भोसरीतले निदान चार लेथवाले मला नावाने ओळखतात. सकाळी नमुना दिला तर दुपारी चहाच्या वेळेला बूच तयार. कोणी विचारलंही नसतं की हे कशाचं आहे. मग मी कायदा नीट वाचून घेतला. बंदूक बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं, इतकंच काय तपासून बघणं, या सगळ्याला स्वतंत्र परवाना लागतो. बंदुकीचा सुटा भागही कायद्याच्या नजरेत शस्त्रच. २०१९च्या सुधारणेनंतर विनापरवाना दुरुस्तीलाही किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. ज्या लेथवाल्याने माझ्यावर भरवसा ठेवून काम केलं असतं, तो माझ्याबरोबर आत गेला असता.

पण तेवढंच कारण नव्हतं. मापात बसलं की काम झालं, ही आमची सवय. त्या नळीचं लोखंड कोणत्या काळातलं, कसं घडवलेलं, खड्ड्यांखाली किती उरलेलं, याचं मला काही ज्ञान नव्हतं. माझं बूच शतांश मिलिमीटरपर्यंत अचूक झालं असतं आणि नळी शेजारून फाटली असती. कागद फाडला.

नळी फाटण्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. काळी दारू मिळाली नाही की काही बहाद्दर काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या बंदुकीत घालतात. काडतुसातली धूरविरहित दारू वेगळ्या जातीची, तिचा दाब कितीतरी जास्त. ठासणीची नळी त्यासाठी केलेलीच नाही. मिस्त्रींच्या दुकानात केळीसारखी सोललेली एक नळी भिंतीला टांगलेली आहे. तिच्या मालकाचं काय झालं, हे मी विचारलं नाही. त्यांच्या उजव्या बाजूच्या फळीवर एक विलायती नळीही होती, मुकुटाचा शिक्का आणि खाली बारीक अक्षरं असलेली. बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून नळ्यांची चाचणी घेऊन शिक्के मारतात. शिक्का असला म्हणजे ती नळी तेव्हा, नवी असताना, चाचणीत उतरली होती. शंभर पावसाळ्यांनंतरचं तो शिक्का सांगत नाही.

तर भोसरीने या कामात काय दिलं? हत्यारं दिली. जुन्या बंदुकीच्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात. बाजारी स्क्रू ड्रायव्हर त्यात सैल बसतो, घसरतो, आणि खाच कायमची बिघडते. दुसऱ्या हाताच्या बंदुकीवर घासलेल्या खाचा दिसल्या तर समजावं, आधी कोणीतरी हौशी येऊन गेला आहे. मी प्रत्येक स्क्रूच्या मापाचा ड्रायव्हर घासून नेला. शेगड्याच्या जबड्याला आतून कातडं लावलेल्या लाकडी पट्ट्या केल्या, म्हणजे नळीवर दाब बसून वण उठू नयेत. आणि जानेवारीतले काही दिवस मिस्त्रींच्या बाकावर, त्यांच्या नजरेखाली, वरवरची सफाई केली.

माझा पहिला प्रश्न होता, बफिंग का करत नाही? चकाकली असती आरशासारखी. मिस्त्री म्हणाले, बंदुकीचा नंबर आणि शिक्के नळीवर असतात, बफाखाली ते पुसट होतात, आणि नंबर पुसला हा वेगळा गुन्हा. तसंच तोंडाकडची झिजलेली नळी दोन बोटं कापून टाकायचं. तेही परवान्याशिवाय गुन्हाच. शिवाय जुनी तपकिरी झाक म्हणजे मळ नव्हे. ती एक शांत झालेली गंजाची साय असते आणि खालच्या लोखंडाला सांभाळते. काढायचा तो ताजा, लालसर, बोटाला लागणारा गंज. त्याला तेलात भिजवलेली सगळ्यात बारीक स्टील वूल आणि हट्टी जागी पितळेची पट्टी. पितळ लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे गंज सुटतो, लोखंड ओरखडत नाही. काम इतकं सावकाश की पहिल्या दिवशी वीतभर नळीसुद्धा झाली नाही. मला वाटतं आयुष्यात प्रथमच मी कमीत कमी धातू काढायसाठी इतका घाम गाळला.

घोड्याची कळ मात्र मिस्त्रींनीच उघडली. आतली कमान, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडलेली पोलादी पट्टी, चिमट्याने दाबून न काढता ओढली तर तुटते किंवा तोंडावर उडते. त्यांनी सगळ्यात जास्त वेळ एका बारीक खाचेवर घालवला. घोडा अर्धा उचलला की तो त्या खाचेत अडकून राहतो आणि चाप ओढला तरी पडत नाही. बंदूक घेऊन चालताना माणसाचा जीव त्या खाचेवर असतो. आबांच्या बंदुकीत ती झिजून गोल झाली होती. म्हणजे भरलेली, खाच गेलेली आणि बूच सडलेलं, असं तिहेरी दुखणं दाराआड उभं होतं.

दस्ता शिसवी. बुरशी ओल्या फडक्याने गेली. पॉलिश पेपर मारला नाही, कारण लाकूड घासलं की ते लोखंडाच्या कडेपेक्षा खाली जातं आणि फट उघडी पडते. जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर दोन-तीन दिवस वाळवण. पाचव्या हाताला शिसवीचे उभे काळे रेशे वर आले, आणि भाऊ, जो तोवर माझ्याशी तुटक बोलत होता, तो पहिल्यांदा बाकाशेजारी येऊन बसला.

फेब्रुवारीच्या मध्याला नवीन बूच, नवीन निपल बसली. चाचणी मिस्त्रींनी त्यांच्या रीतीने घेतली. बंदूक जुन्या टायरांना बांधलेली, चापाला लांब दोरी, आम्ही सगळे भिंतीमागे. नंतर बूच पुन्हा काढून आटे भिंगाखाली तपासले. चालेल, म्हणाले, पण भरणा मी सांगतो तेवढाच. दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या दुपटीच्या वर गेला. पैशाचा विचार करणाऱ्याने चांगल्या अवस्थेतली बंदूक घ्यावी, हे माझं प्रामाणिक मत आहे. खड्डे बुचाजवळ असतील तर स्वस्त बंदूक ही सगळ्यात महाग.

भावाने बागेत दोन बार काढले. माकडं गेली आणि, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, पाऊण तासाने परत आली. तेवढ्यात १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीत कोणाच्या बंदुका जमा करायच्या, हे आता जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. भावाची जमा झाली. आंब्याचा हंगाम बंदुकीविना गेला. निकाल ४ जूनला, आणि बंदूक हातात येईपर्यंत पाऊस लागला होता. ती परत आली तेव्हा नळीत पुन्हा लालसर गंज. चूक आमचीच. जमा करताना बाहेरून तेल चोपडलं होतं, आतून धुऊन काढायचं आणि ग्रीस भरायचं राहिलं होतं. दोन बारांची राख तीन महिने आत होती. पुन्हा गरम पाणी, पुन्हा स्टील वूल. सुदैवाने खड्डे वाढले नव्हते.

ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली, ऐन भात कापणीत. या वेळी भावाने नळी धुतली, सुकवली, आतून ग्रीसचा हात दिला, तोंडाला बूच मारलं आणि घोड्याला चिठ्ठी बांधली: रिकामी, आतून ग्रीस, साफ केल्याशिवाय वापरू नये. डिसेंबरात त्याचा फोन आला. बंदूक मिळाली, गंज नाही, ग्रीस पुसण्यात अर्धा दिवस गेला. टोप्यांचा डबा मात्र सादळला होता. आबा बघायला आले होते म्हणे. बंदूक हातात घ्यायच्या आधी त्यांनी गज मागितला.